विश्लेषण : गाडीच्या एसीतून गार हवा येणे का थांबते? एसीचा गॅस शोधणारे थॉमस मिजली कोण होते?

मुंबईहून जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघालेल्या गाड्या चौक मागे टाकून खोपोलीच्या घाटाला लागतात, तेव्हा एप्रिल-मेच्या उन्हात अनेक गाड्यांत एकच तक्रार ऐकू येते. एसी सुरू आहे, पंखा जोरात फिरतो आहे, पण हवा गार नाही. गॅरेजमध्ये गेल्यावर बहुतेक वेळा ‘गॅस संपला’ असे सांगितले जाते. हा गॅस म्हणजे काय आणि तो जातो कुठे? याचे उत्तर थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याच्या आयुष्याशी जोडलेले आहे. फ्रिज आणि एसी घरोघरी पोहोचण्यात त्यांच्या शोधाचा मोठा वाटा आहे आणि पृथ्वीच्या ओझोन थराला पडलेल्या खिंडारातही.

एसीत गॅस नेमके काय करतो?

हातावर सॅनिटायझर घेतले की ते उडून जाताना हात गार पडतो. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. एसीचे काम याच तत्त्वावर चालते. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. तापलेला गॅस रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. पुढे एका बारीक व्हॉल्व्हमधून सुटल्यावर त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते. त्या गार कॉइलवरून ब्लोअरची हवा आत येते.

या चक्रात गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. त्यामुळे गॅस कमी झाला असेल तर तो संपलेला नसतो, गळलेला असतो.

मिजली कोण होते?

थॉमस मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स येथे झाला. बालपण ओहायोतील कोलंबस शहरात गेले. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. पुढे नाव मात्र रसायनशास्त्रात कमावले. १९१६ मध्ये ते चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करू लागले. गाडी हँडल न मारता बटणावर सुरू करणारा सेल्फ स्टार्टर ही केटरिंग यांचीच देणगी. हा संशोधन विभाग पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाला.

पहिला शोध कोणता?

त्या काळातील इंजिने चढावर ठोकठोक आवाज करत, म्हणजेच ‘नॉक’ होत. शेकडो पदार्थ तपासून डिसेंबर १९२१ मध्ये मिजली यांना इलाज सापडला : टेट्राइथाइल लेड. पेट्रोलमध्ये या शिशाच्या संयुगाचा अगदी थोडा अंश मिसळला की आवाज थांबे. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होते. खुद्द मिजली १९२३ मध्ये शिशाच्या बाधेने आजारी पडले आणि त्यांना विश्रांतीसाठी रजा घ्यावी लागली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे कारखान्यात हेच रसायन तयार करताना पाच कामगारांचा मृत्यू झाला. कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर ते रसायन हातांवर ओतले आणि सुमारे मिनिटभर त्याचा वास घेतला. रसायन सुरक्षित असल्याचे त्यांना दाखवायचे होते. शिशाचे पेट्रोल पुढे अनेक दशके जगभर विकले गेले. भारतात ते २००० मध्ये बंद झाले. जगात गाड्यांसाठी त्याची विक्री करणारा अखेरचा देश अल्जीरिया. तिथे ती २०२१ मध्ये थांबली.

एसीच्या गॅसचा शोध कसा लागला?

१९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड वापरत. तिन्ही विषारी. मिथाइल क्लोराइड तर पेटही घेई. रात्री स्वयंपाकघरात गळती झाली की माणसे दगावत. बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया आजही चालतो, पण तिथे प्रशिक्षित माणसे देखरेखीला असतात. घरात ही सोय नव्हती.

जनरल मोटर्सची फ्रिज बनवणारी कंपनी होती फ्रिजिडेअर. तिच्यासाठी विषारी नसलेला आणि न पेटणारा गॅस शोधण्याचे काम १९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजली यांच्यावर सोपवले. अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी हे सहकारी सोबत होते. तक्त्यातील मूलद्रव्यांचे गुणधर्म पाहता त्यांचे लक्ष फ्लोरिनकडे गेले. फ्लोरिन घातक म्हणून सगळे त्यापासून दूर राहत. मात्र कार्बनशी घट्ट बांधलेला फ्लोरिन निरुपद्रवी ठरेल, असा त्यांचा होरा होता.

प्रयोगासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच लहान बाटल्या मिळाल्या. त्यातली एक उचलून गॅस तयार केला आणि गिनीपिगला हुंगवला. गिनीपिगला काहीही झाले नाही. दुसऱ्या बाटलीतून केलेल्या गॅसने मात्र गिनीपिग मेला. त्या बाटलीतल्या मालात पाण्याचा अंश असल्याने फॉस्जीन हा विषारी वायू तयार झाला होता. पाचपैकी एकाच बाटलीतला माल चांगला होता आणि योगायोगाने तीच प्रथम हाती आली होती. पहिलाच गिनीपिग मेला असता तर कदाचित हा मार्गच सोडून दिला गेला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत मिजली यांनी हा गॅस छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकला. ज्योत विझली. गॅस विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. ‘फ्रिऑन’ नावाने तो बाजारात आला. त्याचे तांत्रिक नाव आर-१२. तो उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, म्हणजे थंडाव्यासाठी अगदी योग्य.

मग तो गाडीतून गळतो का?

घरातल्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात असतात. नळ्या डाग देऊन जोडलेल्या असतात. त्यामुळे वर्षानुवर्षे गॅस भरावा लागत नाही. गाडीत हे जमत नाही. कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचे असते, म्हणून त्याचा दांडा आवरणातून बाहेर काढावा लागतो आणि तिथे सील बसवावे लागते. इंजिन हादरत असल्याने काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात. प्रत्येक जोडाला ओ-रिंग असते. उन्हाने, हादऱ्यांनी आणि वयाने रबर कडक होते व गॅस थोडा थोडा निसटतो. कंडेन्सर पुढेच असल्याने उडालेला खडाही त्याला भोक पाडू शकतो.

कारखान्यातून एसी बसवून आलेली पहिली गाडी पॅकार्ड कंपनीची, १९४० च्या मॉडेलची. तिची यंत्रणा अर्धी डिकी व्यापत असे. एसी बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. महायुद्धानंतर गाड्यांतले एसी वाढत गेले आणि त्यांच्याबरोबर गळणारा फ्रिऑनही.

यात मिजली यांचे कुठे चुकले?

गॅस खोलीतल्या माणसाला मारतो का आणि पेट घेतो का, हे दोनच प्रश्न त्यांच्यापुढे होते. दोन्हींची उत्तरे त्यांनी चोख दिली. गळलेला गॅस पुढे कुठे जातो, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाच नाही. फ्रिऑन कशाशीच संयोग पावत नाही, हाच त्याचा गुण होता. त्यामुळेच तो हवेत विरघळून नष्ट न होता वर स्थितांबरापर्यंत जातो. तिथे अतिनील किरणांनी तो फुटतो आणि क्लोरिनचा सुटा अणू ओझोन नष्ट करू लागतो. असा एक अणू ओझोनच्या सुमारे एक लाख रेणूंचा नाश करू शकतो.

मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी हे १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे खिंडार जगासमोर आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. विकसनशील देशांना या गॅसचा वापर थांबवण्यासाठी २०१० पर्यंत मुदत मिळाली.

यातले काहीच पाहायला मिजली हयात नव्हते. १९४० मध्ये पोलिओने त्यांना अपंगत्व आले. बिछान्यातून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची रचना केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळला जाऊन त्यांचा मृत्यू झाला. नोंदीत तो आत्महत्या म्हणून आहे. ते ५५ वर्षांचे होते आणि त्या वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. तोवर त्यांना पर्किन आणि प्रीस्टली ही मानाची पदकेही मिळाली होती.

आज गाडीत कोणता गॅस असतो?

भारतातील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. त्यात क्लोरिन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. गाडीत साधारण अर्धा किलो गॅस धरला, तर तो सगळा हवेत सुटणे म्हणजे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे. सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्यावर तेवढा निघतो. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार असे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी होणार आहेत. भारतात ही कपात २०३२ पासून सुरू होईल.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

प्रत्येक वेळी गॅसच कारणीभूत असतो असे नाही. गाडी उभी असताना हवा गरम आणि पळताना गार येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा तपासावा. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर तुंबलेला असू शकतो. आधी गार आणि मग हळूहळू बंद होत असेल तर कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता असते. घाटात इंजिन तापले किंवा पूर्ण ताकद लागली की काही गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप थांबतो. चढ संपल्यावर गारवा परत आला तर एसीत बिघाड नाही. मात्र इंजिनचा काटा वर जात असेल तर कूलंट आणि पंखा तपासून घ्यावा.

गॅस खरोखर कमी असेल तर नुसता भरून घेऊ नये. आधी नायट्रोजनच्या दाबाने किंवा रंगद्रव्याने गळती शोधून दुरुस्त करावी. त्यानंतर व्हॅक्यूम करून कंपनीने ठरवलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. उरलेला जुना गॅस हवेत सोडून न देता यंत्राने काढून घ्यायला सांगावे. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा निसटतो. ग्राहकाचे पैसे जातात आणि गॅस मात्र हवेतच राहतो.