नॉर्बर्ट वीनर: तोफेचं गणित शरीरात सापडलं तेव्हा

आमच्या मारेगावला मे महिन्यात घरोघरी कूलर धडधडत असतात. एकदा लावलेल्या स्पीडवर कूलर फिरतच राहतो, खोली गार झाली की नाही हे त्याला कळत नाही. एसीला कळतं. सेन्सर तापमान मोजतो, आपण ठरवलेल्या आकड्याशी ते ताडून बघितलं जातं आणि कॉम्प्रेसर चालू-बंद होतो. हाच फीडबॅक लूप. आपलं शरीरही ३७ अंशांच्या आसपास असंच टिकतं. तापलं की घाम, गारठलं की कुडकुड. यंत्र आणि शरीर एकाच गणितात बसवणारा माणूस म्हणजे नॉर्बर्ट वीनर.

त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ चा, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातला. १८ व्या वर्षी हार्वर्डची पीएचडी, १९१९ पासून एमआयटीमध्ये शिकवणं. हार्वर्डला शिकलेले, गोव्यात जन्मलेले आपले दामोदर धर्मानंद कोसंबी त्यांचे मित्र.

तोफ आणि थरथरणारा हात

दुसऱ्या महायुद्धात वीनर आणि इंजिनिअर ज्युलियन बिगेलो विमानविरोधी तोफेवर काम करत होते. गोळा पोचेपर्यंत विमान कुठे गेलेलं असेल, याचा अंदाज काढायचा होता. ते यंत्र युद्धात वापरलं गेलं नाही, पण एक गोष्ट लक्षात आली. चूक सुधारायला उशीर झाला आणि सुधारणा जास्त जोरात झाली, तर यंत्र इकडून तिकडे हेलकावत राहतं.

माणसातही असं होतं का? वीनर यांनी मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लुएथ यांना विचारलं. उत्तर होतं, हो. लहान मेंदूला इजा झालेला रुग्ण पेला उचलायला जातो, तेव्हा हात नेमका तिथे न पोचता दोन्ही बाजूंना हेलकावतो. १९४३ मध्ये तिघांनी मिळून शोधनिबंध लिहिला. १९४८ मध्ये वीनर यांचं ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आलं.

एक नकार

युद्धानंतर क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका संशोधकाने त्यांचा जुना अहवाल मागितला. हिरोशिमा होऊन गेलं होतं. वीनर यांनी सरळ नकार दिला आणि १९४७ मध्ये ते पत्र छापूनही आणलं. पुढे स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणाऱ्या कृत्रिम हाताची कल्पना त्यांनी मांडली. १९५५-५६ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेले. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं.

आज तोच लूप डायबेटिसच्या ऑटोमॅटिक इन्सुलिन पंपात आहे. त्वचेखालचा सेन्सर काही मिनिटांनी साखरेचा अंदाज देतो, अल्गोरिदम डोस ठरवतो, पंप तो सोडतो. अडचणही तीच, उशीर. त्वचेखाली दिलेलं इन्सुलिन लगेच काम करत नाही. घाईने जास्त सोडलं, तर साखर धोकादायक खाली जाते. म्हणून पुढे काय होईल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. विमानासाठी सुरू झालेला तो हिशोब आज एखाद्या पेशंटला रात्री निवांत झोपू देतो.