उलट तोंडाचा शेजारी : लुई नेएल

मटेरियल सायन्सच्या पुस्तकात 'नेएल टेम्परेचर' असं एक नाव येतं. व्हायव्हासाठी व्याख्या पाठ करायची आणि सुटायचं, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. (हा नेएल म्हणजे सी-विंगमधला नील नव्हे!) सेमिनारसाठी स्पिन टनेलिंग वाचताना मला हा माणूस भेटला. मी कॉन्व्हेंटची, मराठीत फिजिक्स पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या.

लुई नेएल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९०४ चा, फ्रान्समधल्या लिआँ शहरातला. १९२८ मध्ये ते स्ट्रासबुर्गला पिएर वाइस यांच्याकडे गेले. वाइस म्हणजे चुंबकशास्त्रातलं बडं प्रस्थ. त्यांच्या मते चुंबकातले सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. शिष्याने १९३६ च्या सुमारास वेगळंच मांडलं. काही पदार्थांत शेजारचा अणू बरोब्बर उलट तोंड करतो, त्यामुळे बाहेरून चुंबकत्व जाणवतच नाही. जे जाणवत नाही ते आहे म्हणायचं, म्हणजे धाडसच! १९४९ मध्ये अमेरिकेत मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून पाहिले, तेव्हा ती उलटी रचना खरोखर सापडली.

मधे महायुद्ध झालं. जहाजाचं पोलाद पृथ्वीमुळे थोडं चुंबक बनतं आणि जर्मन सुरुंग नेमकं तेच ओळखून फुटायचे. नेएलनी जहाजालाच उलट्या दिशेचं चुंबकत्व देऊन टाकायची पद्धत काढली. फ्रेंच नौदलाच्या शेकडो जहाजांवर ती वापरली गेली. १९४० मध्ये स्ट्रासबुर्ग जर्मनांच्या हाती गेलं आणि नेएल ग्रेनोबलला आले, ते तिथलेच झाले.

१९४८ चं काम मला सगळ्यात आवडतं. मॅग्नेटाइट या ऑक्साइडच्या एका रेणुसूत्रात लोहाचे तीन आयन असतात, त्यांची ताकद ५, ५ आणि ४. बेरीज १४, पण मोजलं तर येतात साधारण ४! नेएल म्हणाले, दोन ५ एकमेकांविरुद्ध आहेत, उरले ४. संपलं कोडं. याच कुळातली फेराइट्स आज स्पीकरमध्ये आणि वायपरच्या मोटरमध्ये बसतात, म्हणजे चाकणहून निघणाऱ्या गाड्यांतसुद्धा.

आता टनेलिंग. दोन धातूंमध्ये काही नॅनोमीटर जाडीचा चुंबकीय पडदा ठेवला, तर इलेक्ट्रॉनला अप स्पिनसाठी एक आणि डाउन स्पिनसाठी दुसरी अशा वेगळ्या उंचीच्या भिंती लागतात. बुटक्या भिंतीतून एकाच जातीचे इलेक्ट्रॉन जास्त पार होतात. १९८८ मध्ये एमआयटीत हे युरोपियम सल्फाइड वापरून दाखवलं, पण ते फक्त अतिथंड अवस्थेत चुंबक असतं. म्हणून पुढे निकेल आणि कोबाल्ट फेराइटचे पडदे आले, कारण ती खोलीच्या तापमानालाही चुंबकच राहतात. म्हणजे पुन्हा नेएल.

ग्रेनोबलमध्ये त्यांनी प्रयोगशाळा आणि कारखाने एकत्र आणले, तिथल्या अभियांत्रिकी संस्थेचे अध्यक्षही झाले. आपल्याकडे भोसरी, चाकणचे कारखाने हाकेच्या अंतरावर, आणि आपली इंडस्ट्रियल व्हिजिट वर्षातून एकदा, तीही वडापावसकट दोन तासांत!

१९७० मध्ये नोबेल मिळालं. त्या व्याख्यानात नेएलनी स्वतःच सांगितलं, की हे उलट तोंडाचे पदार्थ थिअरीला छान आहेत, पण त्यांचा उपयोग काही दिसत नाही. १९९० च्या दशकात हार्ड डिस्कच्या रीड हेडमधला एक थर जागच्या जागी धरून ठेवायला नेमके तेच पदार्थ लागले. नेएल १७ नोव्हेंबर २००० रोजी गेले, ९६ व्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी.