एम्पोरियाचे संपादक दांपत्य : विल्यम ॲलन व्हाइट आणि सॅली व्हाइट

वृत्तपत्र चालविणे हा व्यवसाय खरा. परंतु लहान गावात तो घरापासून वेगळा ठेवता येत नाही. आज ज्याच्यावर टीका लिहावी, तो उद्या बाजारात समोर उभा राहतो. त्याची मुले आणि संपादकाची मुले एकाच शाळेत शिकतात. अशा गावात सत्य लिहावयाचे तर संपादकाइतकेच धैर्य त्याच्या घरातील माणसांनाही लागते. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एम्पोरिया या छोट्या शहरात विल्यम ॲलन व्हाइट व त्यांची पत्नी सॅली यांनी हे व्रत सुमारे पन्नास वर्षे निष्ठेने पाळले.

विल्यम यांचा जन्म १० फेब्रुवारी १८६८ रोजी एम्पोरियातच झाला. बालपण मात्र जवळच्या एल डोराडो या गावी गेले. वडील डॉ. ॲलन व्हाइट डेमोक्रॅटिक पक्षाचे, तर शिक्षिका असलेल्या मातोश्री मेरी ॲन या रिपब्लिकन विचारांच्या व गुलामगिरीच्या कट्टर विरोधक. भिन्न मतांची माणसे एका छताखाली प्रेमाने नांदू शकतात, हा संस्कार मुलाला घरातूनच मिळाला. १८८२ साली पितृछत्र हरपले, तेव्हा विल्यम अवघे चौदा वर्षांचे होते. पुढे विद्यापीठातील शिक्षण पदवीपूर्वीच सोडून त्यांनी वृत्तपत्रात नोकरी धरली.

१८९३ मध्ये कॅन्सस सिटी येथील शिक्षिका सॅली लिंडसे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांत, १८९५ साली, तीन हजार डॉलर्सचे कर्ज उभारून त्यांनी ‘एम्पोरिया गॅझेट’ हे डबघाईला आलेले पत्र विकत घेतले. सॅली यांनी या साहसाला नुसती संमती दिली नाही, तर पत्राच्या कामात त्या बरोबरीने उभ्या राहिल्या. पतीच्या लेखनाच्या पहिल्या वाचक आणि पहिल्या परीक्षक त्याच होत्या.

पुढच्याच वर्षी एक घटना घडली. त्या काळी कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या असंतोषातून उभा राहिलेला पॉप्युलिस्ट पक्ष कॅन्ससमध्ये जोरात होता. ऑगस्ट १८९६ मध्ये त्याच्या काही समर्थकांनी भर रस्त्यात तरुण संपादकाला घेरून हैराण केले. संतापलेल्या व्हाइट यांनी कचेरीत जाऊन या चळवळीची उपरोधाने खिल्ली उडविणारा अग्रलेख एका बैठकीत लिहिला आणि कोलोरॅडोत प्रकृतीसाठी राहिलेल्या सॅलींकडे जाण्यासाठी गाडी पकडली. रिपब्लिकन पक्षाने तो लेख देशभर वाटला. अठ्ठाविसाव्या वर्षी कीर्ती दारी आली. तथापि, त्या शेतकऱ्यांच्या तक्रारींत तथ्य होते, हे पुढे त्यांना उमगले. कीर्ती देणारे मत बदलण्याची लाज न बाळगता ते सुधारणावादी झाले आणि १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या नव्या प्रगतिशील पक्षाबरोबर गेले.

मोठ्या शहरांतील वृत्तपत्रांची बोलावणी येत राहिली. परंतु या दांपत्याने एम्पोरिया सोडले नाही. लाल दगडाचे त्यांचे ‘रेड रॉक्स’ हे घर पाहुण्यांनी सदैव गजबजलेले असे. मुलगा विल्यम लिंडसे १९०० साली आणि कन्या मेरी १९०४ साली जन्मली.

मे १९२१ मध्ये या सुखी संसारावर वज्राघात झाला. घोड्यावरून रपेट करताना झाडाच्या खाली आलेल्या फांदीचा आघात होऊन मेरी जखमी झाली आणि काही दिवसांतच, वयाच्या सतराव्या वर्षात, तिचे निधन झाले. अंत्यविधीनंतर पित्याने गॅझेटमध्ये तिच्याविषयी लिहिले. त्यात शोकाचा आक्रोश नव्हता. होते ते एका खेळकर, निर्भय मुलीचे चित्र. काउंटीच्या निराधारगृहातील लोकांना मोटारीतून फिरवून आणण्याचा तिचा बेत होता. शाळेतील कृष्णवर्णीय मुलींना विश्रांतीची खोली मिळावी, ही तिची अखेरची खटपट होती. तो लेख पुढे पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. आईवडिलांनी मुलीच्या स्मरणार्थ गावाला उद्यानासाठी जमीन दिली. तेच आजचे ‘पीटर पॅन पार्क’.

या दुःखाने व्हाइट खचले नाहीत. उलट त्यांचे सर्वांत धैर्याचे कार्य यानंतरच घडले. १९२२ च्या रेल्वे कामगारांच्या संपात संपाला पाठिंबा देणारे फलक दुकानांत लावण्यास कॅन्ससचे गव्हर्नर हेन्री ॲलन यांनी बंदी केली. ॲलन हे व्हाइट यांचे जुने स्नेही. तरीही आपला पाठिंबा एकोणपन्नास टक्के आहे, अशा आशयाचा फलक व्हाइट यांनी गॅझेटच्या खिडकीत लावला. संपकऱ्यांचे सारेच त्यांना मान्य नव्हते. पण शांतपणे मत मांडण्याचा हक्क कोणी हिरावू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यांच्यावर अटकेचे वॉरंट निघाले. खटला मात्र पुढे टिकला नाही. या प्रसंगी लिहिलेल्या अग्रलेखास १९२३ चे पुलित्झर पारितोषिक लाभले.

१९२४ साली कॅन्ससमध्ये कू क्लक्स क्लॅन ही कृष्णवर्णीय, ज्यू व कॅथॉलिक यांचा द्वेष करणारी गुप्त संघटना प्रबळ झाली. मोठे पक्ष तिच्याविरुद्ध स्पष्ट बोलेनात, तेव्हा व्हाइट गव्हर्नरपदासाठी अपक्ष उभे राहिले. प्रचाराच्या या दौऱ्यात पत्नी व मुलगा यांची साथ होती. विजय मिळणार नाही हे उघड होते. सुमारे दीड लाख मते मिळवून ते तिसरे आले. पण ज्या संघटनेचे नाव घेण्यास पुढारी कचरत होते, तिचा प्रश्न त्यांनी गावोगावच्या सभांत उघडपणे मांडला.

२९ जानेवारी १९४४ रोजी विल्यम यांचे एम्पोरियातच देहावसान झाले. त्यांचे अपूर्ण आत्मचरित्र मुलाच्या हातून पूर्ण होऊन १९४६ साली प्रसिद्ध झाले व पुढच्या वर्षी त्यासही पुलित्झर मिळाले. सॅली १९५० मध्ये निवर्तल्या. युद्धवार्ताहर म्हणून नावारूपाला आलेल्या मुलाने दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त होत असलेल्या लंडनमधून एका अनाथ बालिकेला दत्तक घेतले होते. वडिलांमागे गॅझेटची धुरा त्यानेच १९७३ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत वाहिली.

‘रेड रॉक्स’ आज राज्याची ऐतिहासिक वास्तू म्हणून जतन झाले आहे. कॅन्ससमध्ये १९५२ साली व्हाइट यांच्या नावाने बालसाहित्याचा पुरस्कार सुरू झाला. त्याचे मानकरी शाळकरी मुलेच मतदानाने निवडतात. मुलांच्याही मताला मोल देणारा हा सन्मान, मतस्वातंत्र्यासाठी स्नेह्याशीही झगडलेल्या संपादकाच्या आणि पुस्तकांवर जीव टाकणाऱ्या मेरीच्या मातापित्यांच्या स्मृतीला शोभणारा आहे.