ॲलन ब्लुमलाइन

ॲलन डोवर ब्लुमलाइन (जन्म : लंडन, २९ जून १९०३, मृत्यू : वेल्श बिकनॉर, हेरफर्डशायर, ७ जून १९४२) हे ब्रिटिश विद्युत अभियंता आणि संशोधक होते. आज ज्याला स्टिरिओ असे म्हटले जाते, त्या ध्वनिमुद्रण पद्धतीचे मूळ पेटंट त्यांच्या नावावर आहे. टेलिफोन, ध्वनिमुद्रण, दूरचित्रवाणी आणि रडार या चारही क्षेत्रांत त्यांनी मोलाची भर घातली. वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत त्यांच्या नावावर १२८ पेटंटे होती. ज्या कामावर असताना ते मरण पावले ते गुप्त असल्यामुळे त्यांच्या मृत्यूची बातमीही त्या वेळी प्रसिद्ध झाली नाही, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव तंत्रज्ञांच्या छोट्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

बालपण व शिक्षण

ब्लुमलाइन यांचा जन्म लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लुमलाइन हे मूळचे जर्मनीतील, ज्यू वंशाचे खाण अभियंता. त्यांनी पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतले होते. आई जेसी या दक्षिण आफ्रिकेत कार्य करणाऱ्या विल्यम डोवर या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या कन्या. ॲलन यांच्या नावातील ‘डोवर’ हे आजोळचे नाव होय.

सात वर्षांचे असताना त्यांनी घराच्या दाराची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल सादर केले. त्याखाली स्वतःच्या नावापुढे विद्युत अभियंता अशी उपाधी लिहिलेली होती. मात्र वाचनात हा मुलगा फारच मागे होता. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट वाचता येत नव्हते, असे त्यांच्या बहिणीने पुढे सांगितले आहे; त्यावर ॲलन यांचे उत्तर असे, की वाचता येत नसले तरी वर्गसमीकरणे मात्र पुष्कळ येत होती. पाठांतरावर आणि वाचनावर मुलांची हुशारी मोजणाऱ्या शाळेत अशा विद्यार्थ्याचे काय होते, हे निराळे सांगावयास नको. सुदैवाने हायगेट स्कूलमध्ये त्यांची गाडी रुळावर आली. १९२१ मध्ये शाळा सोडून ते लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात दाखल झाले. शिष्यवृत्ती मिळाल्याने त्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला आणि दोन वर्षांत ते प्रथम श्रेणीत विज्ञानाचे पदवीधर झाले.

टेलिफोनच्या तारा

१९२४ मध्ये ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत रुजू झाले. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांत एका जोडीवरील संभाषण शेजारच्या जोडीत झिरपत असे. हा दोष दूर करण्यासाठी ब्लुमलाइन आणि त्यांचे सहकारी जे. पी. जॉन्स यांनी तारांवर ठराविक अंतराने बसवावयाच्या वेटोळ्यांची सुधारित रचना तयार केली. सूक्ष्म विद्युत राशी मोजण्यासाठी त्यांनी बनविलेला मापन-सेतूही पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. ही कामे सामान्य वाचकाला रुक्ष वाटतील. परंतु एका वाहकातून दोन स्वतंत्र संदेश परस्परांत न मिसळता कसे न्यावेत, हा जो प्रश्न त्यांनी येथे हाताळला, तोच पुढे ध्वनिमुद्रिकेच्या खाचेत त्यांच्यासमोर उभा राहणार होता.

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात

मार्च १९२९ मध्ये ब्लुमलाइन कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. तेथील आयझॅक शोनबर्ग यांनी त्यांच्याकडे सोपविलेले पहिले काम जितके तांत्रिक तितकेच आर्थिकही होते. तबकडीवर खाच कोरण्याच्या विद्युत यंत्रणेचे पेटंट अमेरिकी कंपनीकडे होते आणि तिच्या वापरापोटी कोलंबियाला मोठे स्वामित्वशुल्क द्यावे लागे. त्या पेटंटाच्या कक्षेबाहेर राहील अशी नवी यंत्रणा हवी होती. ब्लुमलाइन यांनी हर्बर्ट होल्मन यांच्यासह चुंबकीय क्षेत्रात फिरत्या वेटोळ्यावर चालणारे कोरणयंत्र तयार केले. त्यामुळे स्वामित्वशुल्क तर वाचलेच, शिवाय आवाजाची प्रतही आधीपेक्षा सरस ठरली.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज, म्हणजेच ई.एम.आय., ही कंपनी अस्तित्वात आली. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेला ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हा शिक्का ग्रामोफोन कंपनीचाच. मराठी नाट्यसंगीताच्या कितीतरी तबकड्या याच शिक्क्याखाली घराघरांत पोहोचल्या. कोलकात्याजवळच्या दमदम येथील तिचा कारखाना १९२८ पासून चालू होता. लंडनजवळच्या हेझ येथील ई.एम.आय.च्या प्रयोगशाळेत ब्लुमलाइन यांनी उर्वरित आयुष्य काम केले.

स्टिरिओचे पेटंट

या शोधाची सुरुवात चित्रपटगृहात झाली असे सांगितले जाते. बोलपटांचा तो आरंभकाळ होता. १९३१ च्या सुमारास ब्लुमलाइन आपल्या भावी पत्नी डोरीन यांच्यासह चित्रपट पाहावयास गेले होते. पात्र पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणच्या ध्वनिक्षेपकातून, ही विसंगती त्यांना खटकली. आवाज पात्राच्या मागोमाग पडद्यावर फिरेल अशी युक्ती आपल्याला सापडली आहे, असे त्यांनी डोरीन यांना सांगितले. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटासाठी अर्ज केला आणि जून १९३३ मध्ये तो क्रमांक ३९४३२५ म्हणून मंजूर झाला. या एकाच पेटंटात ७० दावे आहेत. ब्लुमलाइन स्वतः स्टिरिओ हा शब्द वापरीत नसत. ते याला ‘द्विकर्णी’ ध्वनी म्हणत.

पेटंटामागील विचार समजून घेण्याजोगा आहे. आवाज कोणत्या दिशेने येतो हे आपण दोन कानांच्या साहाय्याने ओळखतो. डावीकडचा आवाज डाव्या कानात किंचित आधी पोहोचतो. उजव्या कानावर मात्र डोक्याची आडकाठी पडते, त्यामुळे उंच स्वर तेथे थोडे क्षीण होतात. खालच्या स्वरांच्या बाबतीत वेळेचा फरक आणि वरच्या स्वरांच्या बाबतीत तीव्रतेचा फरक, अशा दोन खुणांवरून मेंदू दिशा ठरवितो. डाव्या कानाच्या जागी एक आणि उजव्या कानाच्या जागी दुसरा मायक्रोफोन ठेवला की काम झाले, असे कोणालाही वाटेल. शिरोध्वनिक कानाला लावून ऐकणाऱ्याच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. परंतु खोलीत दोन ध्वनिक्षेपक ठेवले, तर प्रत्येक कानाला दोन्हींचा आवाज ऐकू येतो आणि वेळेच्या फरकाची खूण पुसली जाते. ब्लुमलाइन यांची प्रतिभा या ठिकाणी दिसते. दोन ध्वनिक्षेपकांच्या आवाजांत केवळ तीव्रतेचा योग्य फरक ठेवला, तर श्रोत्याच्या कानांपर्यंत पोहोचताना त्यांच्या मिश्रणातून वेळेचा हवा तो फरक आपोआप निर्माण होतो, हे त्यांनी गणिताने दाखवून दिले. मायक्रोफोनकडून मिळणाऱ्या संकेतांची बेरीज आणि वजाबाकी करून हा पालट घडविणारे मंडलही त्यांनी याच पेटंटात दिले.

यापेक्षा सोपा असा आणखी एक मार्ग त्यांनी सुचविला. पुढून व मागून येणारा आवाज टिपणारे, पण बाजूंनी बधिर असणारे दोन मायक्रोफोन एकाच जागी परस्परांशी काटकोनात बसवावयाचे. एक डावीकडे ४५ अंश वळलेला, दुसरा उजवीकडे. बैठकीत गायकाच्या एका हाताला तबला आणि दुसऱ्या हाताला पेटी असते. या रचनेत तबल्याचा आवाज एका मायक्रोफोनमध्ये अधिक आणि पेटीचा दुसऱ्यात अधिक उमटेल, तर गायकाचा आवाज दोन्हींत सारखाच पडून ऐकताना मधोमध उभा राहील. ही रचना ‘ब्लुमलाइन जोडी’ या नावाने ध्वनिमुद्रक आजही वापरतात.

राहिला प्रश्न तबकडीचा. एकाच खाचेत दोन वाहिन्या कोठे साठवाव्यात? ब्लुमलाइन यांनी खाचेच्या दोन भिंती उपयोगात आणल्या. दोन्ही भिंती परस्परांशी काटकोनात आणि तबकडीच्या पृष्ठभागाशी ४५ अंशांत कलत्या ठेवल्या, तर एकीवर डावी आणि दुसरीवर उजवी वाहिनी कोरता येते. काटकोनामुळे एका भिंतीवरची हालचाल दुसरीला बाधत नाही आणि सुई मात्र एकच पुरते.

चाचण्या

डिसेंबर १९३३ मध्ये हेझ येथे दुहेरी वाहिनीच्या पहिल्या चाचणी-तबकड्या कोरल्या गेल्या. प्रयोगशाळेतील सहकारी मायक्रोफोनसमोर बोलत बोलत इकडून तिकडे चालत, इतके साधे ते प्रयोग होते. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम हे लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून मोट्सार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीची तालीम करून घेत असताना ती दोन वाहिन्यांत मुद्रित करण्यात आली. १९३५ मध्ये काही लघुचित्रपटही तयार झाले. त्यांपैकी एकात हेझ स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्या आहेत. गाडी पडद्यावर ज्या बाजूने येते त्याच बाजूने तिचा आवाजही येतो. चित्रपटगृहात खटकलेल्या दोषाचे उत्तर अशा रीतीने चार वर्षांत पडद्यावर आले.

तरीही काम येथेच थांबले. मंदीमुळे तबकड्यांची विक्री घसरली होती, आणि श्रोत्यांनी नवी यंत्रे विकत घ्यावीत असा तो काळ नव्हता. कंपनीने आपले मनुष्यबळ दूरचित्रवाणीकडे वळविले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतही याच दशकात स्टिरिओवर स्वतंत्रपणे संशोधन झाले. बाजारात मात्र स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास आल्या, आणि त्यांची खाच ४५ अंशांच्या दोन भिंतींचीच होती.

दूरचित्रवाणी व विवर्धक

शोनबर्ग यांच्या नेतृत्वाखालील ई.एम.आय.च्या चमूत ब्लुमलाइन हे मंडलरचनेचे प्रमुख आधार होते. या चमूची ४०५ रेषांची पूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धत आणि जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची पद्धत या दोन्ही बी.बी.सी.ने २ नोव्हेंबर १९३६ पासून आलटून पालटून वापरून पाहिल्या. काही महिन्यांतच बेअर्ड यांची पद्धत बंद झाली. मे १९३७ मध्ये सहाव्या जॉर्ज राजांच्या राज्यारोहणाची मिरवणूक प्रक्षेपित झाली, त्या वेळी लंडनमधून चित्रसंकेत वाहून नेणारी केबलही ब्लुमलाइन यांच्या रचनेची होती. ४०५ रेषांची पद्धत ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चालू राहिली.

उत्तम आवाजाच्या शौकिनांना त्यांचे १९३७ चे आणखी एक पेटंट अधिक जवळचे वाटेल. व्हॉल्व्हच्या विवर्धकात ट्रायोड व्हॉल्व्ह आवाज स्वच्छ देतो, पण शक्ती कमी. पेंटोड शक्ती भरपूर देतो, पण आवाजात विकृती आणतो. ब्लुमलाइन यांनी पेंटोडची पडदा-जाळी ध्वनिक्षेपकाकडे जाणाऱ्या रोहित्राच्या वेटोळ्यावरील मधल्या एका बिंदूला जोडली आणि दोघांचे गुण बऱ्याच अंशी एकत्र आणले. १९५१ मध्ये अमेरिकेत हाफ्लर आणि केरोस यांनी या रचनेचा ‘अल्ट्रा-लिनियर’ या नावाने प्रसार केला. आजही व्हॉल्व्हचे विवर्धक हौसेने बाळगणाऱ्यांच्या घरी ती ऐकावयास मिळते. मूळ रचनाकाराचे नाव ऐकणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

खाजगी आयुष्य

१९३३ मध्ये ब्लुमलाइन यांचा डोरीन लेन यांच्याशी विवाह झाला. त्यांना सायमन आणि डेव्हिड असे दोन मुलगे झाले. ब्लुमलाइन यांना विमान चालविण्याचा परवाना होता आणि आगगाड्यांचे अतोनात वेड होते. हेझच्या चित्रपटासाठी आगगाड्याच का निवडल्या गेल्या, याचे उत्तर कदाचित यातच असावे.

युद्धकार्य आणि मृत्यू

दुसऱ्या महायुद्धात ई.एम.आय.च्या चमूने रडारचे काम हाती घेतले. ढगांतून किंवा काळोखातून खालच्या भूभागाचे चित्र विमानातील पडद्यावर उमटविणाऱ्या ‘एच.टू.एस.’ या रडारच्या विकासात ब्लुमलाइन यांचा महत्त्वाचा वाटा होता. ७ जून १९४२ रोजी या यंत्रणेच्या चाचणीसाठी ते डेफर्ड येथील धावपट्टीवरून हॅलिफॅक्स जातीच्या विमानातून निघाले. ई.एम.आय.मधील सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायदेन हे सहकारीही बरोबर होते. उड्डाणात उजव्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली आणि विमान वाय नदीकाठी वेल्श बिकनॉर गावाजवळ कोसळले. विमानातील अकराही जण मृत्युमुखी पडले. इंजिनाच्या आधीच्या तपासणीत एक नट पुरेसा आवळला गेला नव्हता आणि त्यातून झडप तुटून आग लागली, असे चौकशीत निष्पन्न झाले.

ब्लुमलाइन यांच्यासारखा तज्ज्ञ आपण गमावला आहे हे शत्रूला कळू नये म्हणून ही घटना गुप्त ठेवण्यात आली. एच.टू.एस.चे काम थांबले नाही. जानेवारी १९४३ च्या अखेरीस ते प्रत्यक्ष मोहिमेत वापरले गेले.

विस्मृती आणि स्मरण

युद्धानंतरही त्यांचे चरित्र दीर्घकाळ लिहिले गेले नाही. एका संग्राहकाने अनेक वर्षे त्यासाठी साधने जमविली, पण पुस्तक काही प्रसिद्ध झाले नाही. अखेर १९९९ मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर यांचे आणि २००० मध्ये रसेल बर्न्स यांचे चरित्र प्रकाशित झाले. तत्पूर्वी १९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातील त्यांच्या घरावर निळा स्मृतिफलक बसविण्यात आला होता. रडार संशोधनात प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ अपघातस्थळाजवळच्या गुडरिच किल्ल्यातील प्रार्थनागृहात रंगीत काचेची खिडकी बसविलेली आहे. २०१५ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत त्यांच्या नावाचा फलक लावण्यात आला, तर २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. हेझ स्थानकातील आगगाड्यांचा चित्रपट ई.एम.आय.च्या संग्रहात जपला गेला असून २००८ मध्ये त्याचे ध्वनीसह पुनरुज्जीवन करण्यात आले.