हैदराबादचे रहीम मास्तर

आमच्या कडेगावात फुटबॉलचं वेड तसं कमीच. इथली पोरं लाल मातीत नाहीतर कबड्डीत रमणारी, उरलेली क्रिकेटवाली. त्यामुळे सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ साली अजय देवगणचा 'मैदान' आला, तेव्हाच आमच्यातल्या पुष्कळजणींच्या कानावर पडलं. सिनेमा म्हटला की तिखटमीठ आलंच. पण मला कुतूहल वाटलं ते या माणसाच्या नोकरीचं. हे गृहस्थ मुळात शाळामास्तर होते! माझे वडीलही मास्तर, त्यामुळे मास्तरांचा स्वभाव मला चांगला ठाऊक. एकदा पोरं हाती आली की त्यांना घरचं जेवण गोड लागत नाही.

रहीमसाहेब १९०९ साली हैदराबादेत जन्मले. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथं आणि स्थानिक क्लबांत फुटबॉल खेळले, मग शाळांतून शिकवू लागले. खेळाडू म्हणून त्यांचं नाव फार लांब गेलं नाही. नाव झालं ते शिकवण्यानं. १९४० नंतर हैदराबाद फुटबॉल संघटनेचं काम अंगावर आलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही. पोरांचा कच्चा पाय सुधारावा म्हणून त्यांनी चक्क त्याच पायानं खेळायच्या स्पर्धा भरवल्या. चेंडू स्वतःपाशी घोळवत न बसता दुसऱ्याला द्यायची सवय लागावी, म्हणून तशाही स्पर्धा घेतल्या. डावऱ्या पोराला उजव्या हातानं लिही म्हणणारे मास्तर आपण पाहिलेत, पण हे प्रकरण वेगळं होतं. इथं दोन्ही पाय तयार करायचे होते.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला. मुंबईच्या कूपरेजवर होणारा रोव्हर्स कप तेव्हा फार मानाचा. या पोलीस संघानं तो १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं नेला! कलकत्त्याचे मोठमोठे क्लब बघत राहिले.

तुलसीदास बलरामची गोष्ट तर मला फारच आवडते. सिकंदराबादकडच्या गरीब घरातला हा पोरगा. सरावाला यायचं तर अंतर मोठं आणि गाडीभाड्याला पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी त्याच्या सायकलच्या भाड्याची सोय केली. पुढं हाच बलराम देशाकडून दोन ऑलिंपिक खेळला.

देशाच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत इराणला १-० नं हरवून सुवर्णपदक मिळालं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियानं १०-१ असं धुतलं. थंडी, ओलं मैदान आणि आपले बरेचसे खेळाडू अनवाणी! (त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, हे आपल्याकडच्या पोरांना तरी तोंडपाठ असायला हवं.) त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

चार वर्षांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हाच देश उपांत्य फेरीत! ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्यात तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. हा मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. शेवटी चौथा नंबर आला, पण आशियातला कुठलाच संघ तोवर तिथवर पोचला नव्हता.

आता १९६२ चं जकार्ता. रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कर्करोग जडलेला. घरातलं कुणी असं आजारी असलं की आपण त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. हे गृहस्थ संघ घेऊन परदेशी निघाले. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, तो २-० नं हरले. थायलंडशी खेळताना जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. त्यातच इस्रायल आणि तैवानला खेळांत येऊ दिलं नाही म्हणून भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतलेला, त्यावरून तिथले लोक आपल्या खेळाडूंवर खवळलेले. बसमध्ये खाली वाकून बसावं लागे, असं खेळाडू पुढं सांगत. अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच. आदल्या रात्री या आजारी मास्तरांनी पोरांकडे एकच भेट मागितली, सोन्याच्या पदकाची. ही आठवण पी. के. बॅनर्जी शेवटपर्यंत सांगायचे.

४ सप्टेंबर १९६२. स्टेडियम खच्चून भरलेलं, सगळे आपल्या विरुद्ध ओरडणारे. आपल्या बाजूनं म्हणे पाकिस्तानचा हॉकी संघ तेवढा बसलेला! हे वाचलं आणि मला आमच्या मोहरमच्या उंच ताबुतांची आठवण झाली. तेही एका समाजाच्या खांद्यावर उठत नाहीत. रहीमसाहेबांनी बचाव सांभाळणाऱ्या जर्नेलला टाक्यांच्या डोक्यानिशी पुढं आघाडीला खेळवलं. तापातून उठलेल्या थंगराजला गोलरक्षक म्हणून उभं केलं. बॅनर्जींनी पहिला गोल केला, दुसरा त्याच जखमी जर्नेलनं. २-१ नं आपण जिंकलो. मला तर ही चाल पोरांवरच्या विश्वासाची वाटते. बुद्धी होतीच, पण विश्वास नसता तर कुणी असं धाडस केलं असतं?

पुढचा जून काही उलटला नाही. ११ जून १९६३ ला ते गेले, वय जेमतेम त्रेपन्न. पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. मुलगा हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होता, पुढं आंतरराष्ट्रीय पंच झाला. बॅनर्जीही नामांकित प्रशिक्षक झाले. आशियाई खेळांत १९७० ला कांस्य तेवढं आलं. फुटबॉलचं सोनं मात्र त्या जकार्तानंतर आजवर परत आलेलं नाही.