नटाचे विलोपन : जाक ताती यांची चित्रपट-कारकीर्द

विनोदी नटाची कारकीर्द सामान्यतः त्याच्या मुद्रेभोवती उभी राहते. ती मुद्रा एकदा लोकप्रिय झाली की प्रेक्षक तिच्यासाठी येतात, निर्माते तिच्या भरवशावर पैसा लावतात आणि कथानके तिच्या मापाने बेतली जातात. फ्रेंच नट व दिग्दर्शक जाक ताती (१९०७–१९८२) यांच्या कारकिर्दीची दिशा मात्र याच्या नेमकी उलट आहे. स्वतः घडविलेल्या आणि देशोदेशी गाजलेल्या पात्राला त्यांनी चित्रपटागणिक मागे सारले व त्याची जबर किंमत मोजली. या वाटचालीमागील सूत्राचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ताती यांचे मूळ आडनाव तातिशेफ. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९०७ रोजी पॅरिसजवळील ल पेक येथे झाला. पितृघराणे मूळचे रशियन. आईच्या वडिलांचा पॅरिसमध्ये चित्रांच्या चौकटी करण्याचा व्यवसाय होता आणि तरुण ताती यांनी तेथेच उमेदवारी केली. रग्बीच्या संघात असताना सहखेळाडूंच्या करमणुकीसाठी ते खेळांच्या मूकनकला करीत. त्यातूनच १९३०च्या दशकात ते पॅरिसच्या म्यूझिक हॉलच्या रंगमंचावर आले. टेनिसपटू, गोलरक्षक, मुष्टियोद्धा, इतकेच नव्हे तर घोडा आणि घोडेस्वार ही दोन्ही रूपे ते एकाच देहातून एकाच वेळी उभी करीत. सुप्रसिद्ध लेखिका कोलेत यांनी १९३६मध्ये त्यांच्या या कलेचा मुक्तकंठाने गौरव केला. माणूस कसा चालतो, थबकतो, अडखळतो याचे सूक्ष्म निरीक्षण हे ताती यांचे भांडवल होते आणि ते अखेरपर्यंत पुरले.

जर्मन व्याप्तीच्या काळात त्यांनी मध्य फ्रान्समधील सँत-सेव्हेर या खेड्यात आश्रय घेतला होता. त्याच गावात १९४७मध्ये त्यांनी आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘झूर द फेत’ (जत्रेचा दिवस) चित्रित केला. तो १९४९मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकी टपालव्यवस्थेच्या वेगावरील बोलपट पाहून भारावलेला गावचा पोस्टमन सायकलवरून तोच वेग गाठू पाहतो, एवढेच त्याचे कथानक. चित्रण एका नव्या रंगपद्धतीने झाले होते. परंतु त्या पद्धतीने प्रती काढता न आल्यामुळे सोबत दुसऱ्या कॅमेऱ्याने घेतलेली कृष्णधवल आवृत्तीच प्रेक्षकांपुढे आली. रंगीत आवृत्ती कन्या सोफी तातिशेफ यांच्या प्रयत्नांनी १९९५मध्ये प्रकाशात आली.

१९५३च्या ‘मस्यू उलोची सुट्टी’ या चित्रपटाने उलो हे पात्र अवतरले. पुढे झुकलेली उंच देहयष्टी, तोंडात पाइप, जपून टाकलेली पण भलतीकडेच नेणारी पावले. उलो जवळजवळ बोलतच नाही. येथे ताती यांच्या विनोदाचे एक मर्म साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांच्या चित्रपटांत शब्द अर्थाच्या पातळीवरून ध्वनीच्या पातळीवर उतरतो. स्थानकावरील ध्वनिक्षेपकाची अगम्य घोषणा ऐकून प्रवासी या फलाटावरून त्या फलाटावर धावतात; भोजनगृहाच्या दाराचा कुरकुराट मात्र संवादाइतकाच बोलका ठरतो.

‘मों ओंक्ल’ (१९५८) या चित्रपटात उलो हा नायक-बालकाच्या आईचा भाऊ आहे. त्यामुळे मराठीत त्याचे शीर्षक ‘माझा मामा’ असेच करावे लागेल. पाहुणे आले की तेवढ्यापुरते कारंजे सुरू करणारे बहिणीचे यांत्रिक घर आणि मामाची जुनी, गजबजलेली वस्ती यांच्या विरोधातून हा चित्रपट उलगडतो. कान महोत्सवातील विशेष परीक्षक पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर हे दोन्ही मान त्याला लाभले. यशाच्या या शिखरावर उलोचे आणखी चित्रपट काढणे अगदी सोपे होते.

ताती यांनी तो मार्ग नाकारला. विनोद हा कोणा एका विदूषकाची मिरासदारी नसून प्रत्येक माणसाच्या वागण्यात तो दडलेला आहे, अशी त्यांची दृढ धारणा झाली होती. ‘प्लेटाइम’ (१९६७) हा या धारणेचा परिपूर्ण आविष्कार होय. त्यासाठी पॅरिसच्या सीमेवर काच आणि पोलाद यांचे एक नगरच उभारले गेले; त्याला लोक ‘तातीव्हिल’ म्हणत. चित्रण १९६४मध्ये सुरू होऊन तीन वर्षे रेंगाळले. सत्तर मिलिमीटरच्या विशाल पटावर निकटदृश्ये जवळजवळ नाहीतच. कोठे पाहावे हे प्रेक्षकानेच ठरवायचे. उलो या गर्दीतील एक होऊन जातो. इतकेच नव्हे, तर त्याच्यासारखे दिसणारे अन्य पुरुष पडद्यावर येतात आणि लोक त्यांनाच उलो समजतात. आपल्या पात्राचे अनन्यत्व नटाने स्वतःच पुसून टाकल्याचे असे उदाहरण विरळा.

उलोसाठी येणारा प्रेक्षक मात्र या चित्रपटाकडे फिरकला नाही. ताती यांनी आधीच्या चित्रपटांचे हक्कही कर्जापोटी गुंतविले होते; ते हातचे गेले, राहते घर गेले आणि तातीव्हिल जमीनदोस्त झाले. १९७१च्या ‘त्राफिक’मध्ये त्यांना उलोला पुन्हा केंद्रस्थानी आणावे लागले, ही कलावंताने परिस्थितीशी केलेली तडजोड मानावी लागते. स्वीडिश दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘पराद’ (१९७४) या अखेरच्या चित्रपटात ते सर्कशीच्या रिंगणात उतरून तारुण्यातल्या त्याच मूकनकला सादर करताना दिसतात. ४ नोव्हेंबर १९८२ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

‘प्लेटाइम’ची पुनर्संस्कारित प्रत २००२मध्ये पुढे आली आणि आज त्या चित्रपटाची गणना जागतिक चित्रपटातील श्रेष्ठ कृतींत होते. ताती यांच्या हयातीत त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही. तथापि, ‘प्लेटाइम’ला केवळ एका हट्टी निर्मात्याचा आर्थिक अविवेक म्हणणे अन्यायाचे ठरेल. नट म्हणून मिळविलेली सारी पुंजी ताती यांनी दिग्दर्शक म्हणून गवसलेल्या एका दृष्टीसाठी खर्च केली आणि त्या दृष्टीत प्रेक्षकाला स्वतःइतकेच मोठे स्थान दिले. त्यांच्या विनोदाचे नैतिक मोल यातच आहे.