वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मॉर्डेकाई हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी अर्थात कॉलरा आणि प्लेग या रोगांवरील प्रतिबंधक लशी तयार करणारे सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. लशीचा गुण ठरवताना, एकाच ठिकाणी राहणाऱ्या लस घेतलेल्या व न घेतलेल्या लोकांची तुलना करणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय. मुंबईतील हाफकिन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

प्रारंभिक जीवन

हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात ते इल्या मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला व पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांना प्रथम ग्रंथालयात काम मिळाले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली.

कॉलऱ्यावरील कार्य

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. लस सुरक्षित आहे एवढे दाखवून ती उपयुक्त ठरत नाही, याची त्यांना जाणीव होती. म्हणून बस्त्यांमध्ये, एकाच घरातील लस घेतलेल्या व न घेतलेल्या माणसांत रोग कसा पसरतो, याची त्यांनी नोंद ठेवली. पाणी, अन्न व वस्ती समान असल्यामुळे दिसणारा फरक लशीचाच आहे, असे म्हणण्यास आधार मिळाला.

प्लेगची लस

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर सरकारने हाफकिन यांना तेथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना रोग झाला, परंतु कोणीही दगावले नाही.

या चाचणीत एक उणीव होती. स्वेच्छेने पुढे येणारे कैदी मुळातच अधिक सुदृढ असण्याची शक्यता होती. १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावी ही शंका बरीच कमी झाली. तेथे प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींना लस देण्यात आली. पुढे प्लेग झालेल्या २८ कुटुंबांत लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ मृत्युमुखी पडले, तर लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३.

१८९८-९९ च्या भारतीय प्लेग आयोगाने लशीमुळे रोग व मृत्यू यांचे प्रमाण घटते हे मान्य केले. मात्र लशीच्या मात्रेतील अनियमितता व काही आकडेवारीची अचूकता यांवर टीकाही केली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

मलकोवाल दुर्घटना

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्वजण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना बाधा झाली नाही. हाफकिन यांनी कार्बोलिक आम्लाचा वापर बंद करून उष्णतेने निर्जंतुकीकरण सुरू केले होते. चौकशी आयोगाने या बदलाकडे बोट दाखवून बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

नोंदींतील पुरावा मात्र वेगळे सांगत होता. बाटली उघडताना वापरायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय उघडताना लशीला दुर्गंधी आल्याची नोंद नव्हती. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत आधीपासून वाढले असते, तर ती आली असती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस व अन्य शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रातून हा मुद्दा मांडला. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले.

उत्तरायुष्य व वारसा

हाफकिन कलकत्त्यास परतले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे निधन स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.